वॅट वाढवले तर गायकाला ऐकू येईल का?

परभणी जिल्ह्यातल्या एका साउंडवाल्या वाचकाचं पत्र आहे. सप्ताहाची कीर्तनं, जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम आणि लग्नातला ऑर्केस्ट्रा ही त्यांची कामं. स्टेजवर ठेवायला बारा इंची वूफर (खालचे-मधले सूर देणारा स्पीकर) आणि एक इंची हॉर्न (वरचे सूर देणारा) असलेले चार मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवायच्या पेट्या, आहेत. एका चॅनेलवर दोन, असे ते जोडतात. अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला चॅनेलमागे ३०० वॅटचा आहे. वूफर दोनदा जळाले आणि दोन्ही वेळा जवळच्या शहरातून कोन-कॉइल (हलणारा कागदी पडदा आणि त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी) बदलून आणली. तेव्हापासून गायनाचार्यांची तक्रार आहे की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आवाज वाढवला की क्लिपचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपल्याचा, लाल दिवा लागतो, आणखी वाढवला की शिट्टी सुरू होते. दुकानदार म्हणतो, पंधरा इंची घ्या, १००० वॅट, १०० मिलिमीटरची कॉइल, २२० मिलिमीटरचा मॅग्नेट, आणि सोबत मोठा अ‍ॅम्प्लिफायर. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. घ्यावं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, कर्ज आत्ता काढू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय, पण सगळी मेख तिथेच आहे. ऐकू न येण्याची तक्रार कोन-कॉइल बदलल्यानंतर सुरू झाली. त्याआधी याच पेट्या याच अ‍ॅम्प्लिफायरवर पुरत होत्या. मग कमी काय झालं? वॅट तर तेवढेच आहेत.

वूफरवर छापलेले वॅट म्हणजे तो किती वाजतो हे नव्हे. जळण्याआधी तो किती वीज सोसतो, एवढंच त्यातून कळतं. किती वाजतो हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डीबी (डेसिबल) आवाज येतो. आवाज ३ डीबीनं वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, १० डीबीनं वाढवायचा तर दहापट. ९४ डीबीच्या वूफरला ५०० वॅट दिले तर १२१ डीबी मिळतात. ९९ डीबीच्या वूफरला निम्मे म्हणजे २५० वॅट दिले तरी १२३ मिळतात. छापील वॅटवर दुप्पट दिसणारा वूफर इथे हरतो.

मोठे वॅट सोसण्यासाठी कॉइल मोठी आणि जड करावी लागते, तिला पेलायला कोन जाड लागतो. कार्यक्षमता मात्र हलणाऱ्या वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मूळ कोन-कॉइलचं वजन ५५ ग्रॅम असेल आणि बदलताना ७५ ग्रॅमचं बसलं असेल, तर तेवढ्यानंच जवळजवळ पावणेतीन डीबी गेले. नवी कॉइल चुंबकाच्या फटीत नीट मावत नाही म्हणून फट मोठी केली असेल किंवा कॉइलचे वेढे वेगळे असतील, तर बीएल (चुंबकाची कॉइलवरची पकड) घटतो आणि आणखी दोन-चार डीबी जातात. कारागिरानं फसवलं असं मी म्हणणार नाही. पुन्हा जळू नये म्हणून तो जाड माल बसवतो, आणि ग्राहकही बहुतेक तेच मागतो.

तुमच्या स्टेजचा हिशोब मांडून बघू. बदललेल्या वूफरची सेन्सिटिव्हिटी ९० धरली आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून प्रत्येकाच्या वाट्याला २५० वॅट आले, तर १ मीटरवर ११४ डीबी होतात. गावात रात्री व्होल्टेज १८० वर आलं की जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद साठ टक्क्यांवर येते. इथे २ डीबी गेले. वीस मीटरची ०.७५ चौरस मिलिमीटरची पातळ वायर ४ ओहमच्या जोडणीत आणखी २ डीबी खाते. मॉनिटर गायकापासून २ मीटरवर असेल तर ६ डीबी गेले. उरले १०४, तेही फक्त शिखराला. गाण्याची सरासरी पातळी शिखराच्या १२ ते १५ डीबी खाली असते, म्हणजे कानाशी ९० च्या आसपास. मागे दहा-बारा टाळकरी उभे असताना एवढ्यात कुणाला स्वतःचा सूर सापडेल?

आता अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवा आणि वूफर ९७ डीबीचा धरा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची केली की तोटा अर्ध्या डीबीवर येतो. मॉनिटर १.२ मीटरवर आणला की अंतराचे दीडच डीबी जातात. व्होल्टेज तसंच वाईट राहिलं तरी शिखर ११७ ला पोचतं. १३ डीबी वाढले. हेच १३ डीबी नुसत्या वॅटनं भरून काढायचे तर २५० चे ५००० वॅट करावे लागतील, आणि तेवढे कुठल्याही बारा इंची वूफरच्या कॉइलला झेपत नाहीत.

वूफर जळण्याचं कारणही याच आकड्यांत आहे. ९० डीबीचा वूफर विजेतला एक टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही. २५० वॅट दिले तर २४८ हून अधिक वॅट कॉइल तापवण्यात जातात. ९७ डीबीवाला साधारण तीन टक्के आवाजात बदलतो, म्हणून तेवढ्याच आवाजासाठी त्याला पाचव्या हिश्श्याची वीज पुरते आणि त्याची कॉइल थंड राहते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांवर गेली की रोध सुमारे १.७ पट होतो आणि आवाज चार-साडेचार डीबीनं बसतो. कीर्तन रंगात आल्यावर मॉनिटर दबल्यासारखा वाटतो तो बऱ्याचदा यामुळेच. एप्रिल-मे महिन्यात दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोतून काळी पेटी थेट स्टेजवर गेली तर ती आधीच तापलेली असते.

मग वूफर कोणता? कंपनीच्या कागदावरचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा जसाच्या तसा धरू नका. तो १ वॅटला मोजलाय की २.८३ व्होल्टला, हे आधी बघा. ८ ओहमला दोन्ही एकच. ४ ओहमच्या वूफरला मात्र २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, आणि आकडा फुकटचे ३ डीबी जास्त दाखवतो. दुसरी गोष्ट, काही जण १ ते २ किलोहर्ट्झमधला उंचवटा उचलून तोच आकडा छापतात. तुम्हाला हवा आहे १०० ते ८०० हर्ट्झचा. आलेख दिला असेल तर २०० हर्ट्झवर बोट ठेवून वाचा.

आलेख नसेल तर कागदावरच्या तीन आकड्यांवरून हिशोब करता येतो: एफएस (वूफरचा कोन ज्या हर्ट्झवर आपोआप डोलतो), व्हीएएस (कोनाच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये) आणि क्यूईएस (ते डोलणं चुंबक किती आवरतो याचा आकडा). एफएसचा घन करा, त्याला लिटरमधल्या व्हीएएसनं गुणा, क्यूईएसनं भागा, मग ९.६४ नं गुणून दहाच्या दहाव्या घातानं भागा. ही झाली कार्यक्षमता. तिचा लॉग घेऊन दहानं गुणा आणि उत्तर ११२ मध्ये मिळवा (लॉग उणे असतो, म्हणून आकडा ११२ च्या खालीच येतो). उदाहरणार्थ एफएस ५२, व्हीएएस ६५ लिटर, क्यूईएस ०.३४. कार्यक्षमता २.६ टक्के, सेन्सिटिव्हिटी ९६. कागदावर ९८ असेल तरी तो कागद प्रामाणिक आहे, कारण मधल्या पट्ट्यात कोन थोडा वर जातोच. आता एफएस ३५, व्हीएएस ८०, क्यूईएस ०.५ असा वूफर घ्या. उत्तर येतं ९०. त्यावर ९८ छापलं असेल तर तो वूफर परत ठेवा. आणि ज्याच्यासोबत हे आकडेच मिळत नाहीत, तो मॉनिटरसाठी घेऊ नका, भाव कितीही चांगला असला तरी.

बारा इंची मॉनिटरसाठी एफएस ४५ ते ६०, क्यूटीएस (क्यूईएससारखाच आकडा, पण सगळी रोक धरून) ०.२८ ते ०.३८, हलणारं वजन ५० ते ६० ग्रॅम, अडीच किंवा तीन इंची कॉइल, कागदी कोन आणि त्याची कड कापडी घड्यांची. रबरी जाड कड दिसली की तो माल गाडीचा किंवा घरचा समजा. सोसण्याचे वॅट एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी) पद्धतीनं मोजलेले २५० ते ३०० असले की भरपूर झाले. प्रोग्रॅम म्हणून जे लिहितात ते याच्या दुप्पट असतं आणि पीक चौपट, म्हणजे २५० आणि १००० हा एकच वूफर असू शकतो. मॅग्नेटचा आकार विचारू नका, बीएल विचारा. २२० चं चकतं जड कोनाला चिकटलेलं असेल तर उपयोग शून्य. निओडिमियमचं मॅग्नेटही आपोआप जास्त वाजत नाही. ते हलकं असतं एवढंच, आणि तुमचे मॉनिटर जमिनीवर बसतात, त्यामुळे साधं फेराइट मॅग्नेट घ्या आणि उरलेले पैसे वायरीत घाला.

काही जणांना भीती वाटते की असा हलका, कमी क्यूटीएसचा वूफर खालचे सूर देणार नाही. खरं आहे, नाहीच देत. लहान पेटी, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत, एक सोडावंच लागतं. मॉनिटरमध्ये बास सोडायचा, कारण गायकाला तो लागतच नाही. मृदंगाची डावी, कणकेची बाजू त्याच्या शेजारीच वाजते, शिवाय मोठ्या पेट्यांचा बास मागून स्टेजवर येतोच. त्यावर मॉनिटरमधून आणखी बास ओतला तर सूर झाकला जातो. म्हणून ८० ते १०० हर्ट्झखालचं सगळं कापा. हे कापणं ऐच्छिक नाही. पोर्टच्या (हवा जाण्यायेण्याचं भोक असलेल्या) पेटीत पोर्टच्या सुराखाली कोनाला हवेचा आधार राहत नाही. माइक पडला, कुणी जोरात फुंकलं, की कॉइल फटीबाहेर जाऊन आपटते. मिक्सरवरचं लो-कटचं बटण फक्त त्या माइकपुरतं असतं, म्हणून मॉनिटरच्या वाटेवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये ९० हर्ट्झचा, २४ डीबी उताराचा फिल्टर लावा.

पंधरा इंचीचं म्हणाल तर तुमच्या पेटीत तो बसणारच नाही. बारा इंचीचं भोक साधारण २८ सेंटिमीटरचं असतं, पंधराचं ३५ हून मोठं, आणि आत दुप्पट जागा लागते. म्हणजे पेट्याही नव्या. त्याहून मोठी अडचण हॉर्नची आहे. कोन जितका मोठा तितका वरच्या सुरांत आवाज अरुंद होतो. पंधरा इंचीला १.२ किलोहर्ट्झच्या आसपास हॉर्नकडे सोपवावं लागतं आणि साधं एक इंची युनिट इतक्या खालून जोरात वाजवलं की डायफ्रॅम (त्यातला पातळ पडदा) फाटतो. बारा इंची १.६ ते २ किलोहर्ट्झपर्यंत नीट साथ देतो, आणि कीर्तनकार दोन पावलं इकडेतिकडे झाला तरी त्याला ऐकू येत राहतं. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यासाठी किंवा कीबोर्डवर बास धरणाऱ्यासाठी पुढेमागे दोन पंधरा इंची घ्या, ते योग्यच आहे. गाणाऱ्यासाठी नको.

पेटीकडे येतो. वर उदाहरणातला वूफर ४० लिटर निव्वळ जागेत चांगला बसतो. निव्वळ म्हणजे वूफरची पाठ, हॉर्न, पोर्ट आणि आतल्या पट्ट्या वजा करून. हा सगळा ऐवज पाच-सहा लिटर होतो, म्हणून आतली मोजणी ४५-४६ यायला हवी. पोर्टसाठी आतून १० सेंटिमीटर व्यासाचे पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, प्रत्येकी २० सेंटिमीटर लांब, ६५ हर्ट्झच्या आसपास सूर धरतात. पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा. पेटी लहान असेल तर एकच पाइप लावून मोकळं होऊ नका, त्यातून हवा फसफसते.

वूफर बदलला आणि क्रॉसओव्हर (वूफर आणि हॉर्न यांच्यात सूर वाटून देणारं सर्किट) तसाच ठेवला ही चूक फार जण करतात. हॉर्नचं युनिट मुळात १०५ ते १०८ डीबीचं असतं आणि वूफरशी जुळावं म्हणून रेझिस्टर लावून ते खाली आणलेलं असतं. आधी ९० च्या वूफरशी जुळवलं असेल आणि आता ९७ चा आला, तर हॉर्न सात डीबीनं मागे पडेल. आवाज मोठा पण कोंदट येईल आणि दोष नव्या वूफरला लागेल. रेझिस्टरची किंमत त्यानुसार बदलून घ्या. जोडणी उलटी झाली नाही हेही बघा: दीड व्होल्टच्या सेलची धन बाजू लाल टोकाला लावली की कोन बाहेर यायला हवा.

इथे गायनाचार्यांना एक प्रश्न विचारा, आणि तो खरेदीआधीच विचारा. "शब्द कळत नाहीत" म्हणता, की "सूर सापडत नाही"? शब्दांची व्यंजनं २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतात. ते काम हॉर्नचं, आणि टाळांची किणकिण नेमकी वरच्याच पट्टीत पसरलेली असल्यामुळे ती व्यंजनं झाकते. शब्दांची तक्रार असेल तर हॉर्नचा डायफ्रॅम आधी तपासा. क्लिप झालेला अ‍ॅम्प्लिफायर वूफरच्या आधी बहुधा त्यालाच मारतो. सुराची तक्रार असेल तर ती २०० ते ८०० हर्ट्झची, म्हणजे वूफरची.

शिट्टीचं मात्र खरेदीनं सुटणार नाही. वूफर कार्यक्षम झाला की क्लिपचा लाल दिवा जाईल, पण शिट्टी जिथे वाजायची तिथेच वाजेल, कारण माइकला पोचणारा आवाज तेवढाच राहतो. ती हद्द वाढते माइक तोंडाजवळ आणल्यानं. २० सेंटिमीटरवरून ५ वर आला की १२ डीबी मिळतात. कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या अगदी समोर, माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइड पाठीमागून थोडं ऐकतो, त्याचा बहिरा कोन समोरच्या अक्षापासून १२६ अंशांच्या आसपास आहे. त्याला मॉनिटर समोरून जरा तिरपे, डावीउजवीकडे लागतात. कॉलर माइक बहुधा सगळीकडून ऐकतो, त्याच्यापुढे मॉनिटर वाढवायला फार वाव नसतो. उघडे माइक दुप्पट केले की ३ डीबी जातात, तेव्हा ज्या टाळकऱ्याचा माइक नसला तरी चालतो तो बंद ठेवा. आणि वूफरचा आलेख सपाट असेल तर एकाच सुरावर शिट्टी लवकर धरत नाही. त्यामुळे एका डीबीनं कमी पण गुळगुळीत आलेखाचा वूफर मिळाला, तर बेधडक तोच निवडा.

बैठकीच्या गाण्याला, कव्वालीला किंवा हार्मोनियमवाल्याला उभ्या माणसाच्या कोनात ठेवलेला मॉनिटर डोक्यावरून आवाज फेकतो. पेटी दुसऱ्या बाजूवर टेकवून कोन कमी करा. हॉर्न कानाकडे बघतोय की नाही हे स्वतः त्या जागी बसून पाहा.

खर्चाआधी घरी दोन मोजण्या करा. मल्टिमीटरनं वूफरच्या टोकांवरचा रोध बघा. ८ ओहमच्या वूफरला ५.२ ते ६.५ यावा. दुसरी मोजणी एफएसची: वूफर पेटीतून काढा, अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर ओळीनं जोडा, फोनवरच्या टोन अ‍ॅपमधून २० ते १०० हर्ट्झ हळूहळू फिरवा, आवाज अगदी कमी ठेवा. वूफरच्या टोकांवर व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त दिसेल तो एफएस. कंपनीच्या मूळ कागदावर ५२ असेल आणि तुम्हाला ४४-४५ मिळाला, तर कोन २० ग्रॅमच्या आसपास जड बसलाय. नवा स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी कापडी चकती) कडक असेल तर हा अंदाज थोडा फसतो, पण दिशा कळते.

चौकट आणि मॅग्नेट चांगल्या कंपनीचे असतील आणि फट कुणी कोरलेली नसेल, तर नव्या वूफरआधी त्याच मॉडेलचं कंपनीचं मूळ रिकोन किट (नवा कोन, कॉइल आणि स्पायडरचा संच) विचारा. बी अँड सी, एटीन साउंड, बेयमा, सेलेस्टियन, एमिनन्स यांच्या तोडीच्या वूफरांचं किट मिळालं तर ते नव्यापेक्षा स्वस्त पडतं. किट मिळत नसेल तर चारही एकदम घेऊ नका, एकच घ्या. एका पेटीत जुना, दुसऱ्या सारख्या पेटीत नवा, हॉर्न दोन्हींचे सुटे करा, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण एकाच जागी ठेवून पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला चाचणीचा खळखळाट) वाजवा आणि १ मीटरवर फोनच्या डीबी अ‍ॅपमध्ये दोन्ही आकडे लिहा. फोनचा आकडा खरा नसला तरी दोहोंतला फरक खरा असतो. ४ डीबीहून कमी फरक आला तर दुकानात परत जा. ६-७ आला तर उरलेले तीन आणा, आणि त्याच फेरीत २.५ ची वायर.

एका चॅनेलवर दोनच मॉनिटर ठेवा. तिसरा जोडला की २.७ ओहम होतात आणि बरेच अ‍ॅम्प्लिफायर तिथे गुदमरतात. लिमिटर (ठरावीक ताकदीच्या वर आवाज जाऊ न देणारी सोय) असेल तर वूफरच्या एईएस वॅटवर बांधा. आणि आवाज भरपूर मिळाल्यावर गायकाच्या कानाचाही विचार करा. १०० डीबीच्या सरासरीत सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांची मानतात, कीर्तन दोन तास चालतं. ९० च्या आसपास स्वच्छ ऐकू आलं तर वर जाऊ नका.

रोध आणि एफएसचे आकडे, वूफरच्या पाठीवरचं मॉडेल आणि पेटीची आतली मापं कळवा. पोर्टची लांबी आणि हॉर्नचा रेझिस्टर त्यावरून नेमका सांगता येईल.